एखादा ग्लास चालतो का? गरोदरपण, दारू आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पहिल्या तीन महिन्यांतल्या खाण्यापिण्यावर लिहिलं होतं, त्यात दारूबद्दल फक्त एक ओळ होती, "अजिबात नको". त्या एका ओळीवरच सगळ्यात जास्त पत्रं आलीत. काही घाबरून लिहिलेली, काही भांडायला, काही अगदी साधी माहिती विचारणारी. बऱ्याच जणींनी नाव छापू नका असं कळवलंय म्हणून मी कुणाचंच नाव छापत नाहीये, फक्त गाव देतेय.

प्रश्न (पुणे): डॉक्टर, मैत्रिणीच्या लग्नात दोन दिवस मिळून तीन-चार ग्लास वाइन घेतली. पाळीच्या तारखेच्या साधारण आठवडाभर आधीची गोष्ट. तेव्हा काहीच माहीत नव्हतं, आता टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. झोप उडालीय माझी. नवरा म्हणतो काही होत नाही, नेटवर वाचलं तर बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो. पहिलंच आहे. पाडून पुन्हा चान्स घ्यावा का असंही मनात येतंय. सोनोग्राफीत कळेल का?

उत्तर: आधी शेवटचं सांगते. या कारणासाठी पाडायचा विचार डोक्यातून काढून टाक. मूल नकोच असेल तर तो तुझा निर्णय, तो वेगळा विषय झाला, पण हवं असलेलं मूल तीन-चार ग्लास वाइनच्या भीतीपायी काढून टाकायला कुठलाही जबाबदार डॉक्टर हो म्हणणार नाही.

आता दिवसांचा हिशोब बघ. आपण गरोदरपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो, म्हणजे पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच मुळी. चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज फलित होतं, मग जवळपास आठवडाभर ते नळीतून खाली सरकत येतं आणि गर्भाशयात रुजायला लागतं. तुझी पाळी २८ दिवसांची असेल तर ते लग्न नेमकं या रुजण्याच्या सुमाराला येतं, वार (आईच्या रक्तातून बाळाला पोसणारा अवयव, प्लॅसेंटा) अजून तयार व्हायची होती, तुझ्या रक्तातून त्याच्याकडे थेट काही पोचायची यंत्रणाच उभी राहिली नव्हती. इतक्या सुरुवातीला मोठं नुकसान झालं तर गर्भ बहुधा टिकतच नाही, आणि टिकला तर उरलेल्या पेशी ती उणीव भरून काढतात, असं आम्हाला पाठ्यपुस्तकातही शिकवतात.

आणखी एक धीराची गोष्ट. आयर्लंड, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथल्या ५,६२८ पहिलटकरणींचा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या अर्ध्याहून जास्त बायकांनी पहिल्या १५ आठवड्यांच्या आत थोडीफार दारू घेतलेली होती, बऱ्याच जणींनी तुझ्यासारखीच, माहीत नसताना. त्यांच्यात कमी वजनाचं बाळ, वेळेआधी बाळंतपण किंवा आईचं बीपी वाढून होणारा त्रास, यातलं काहीही इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही. पण हा अभ्यास बाळंतपणापर्यंतचाच होता, ती मुलं पुढे शाळेत कशी होती हे त्यात बघितलेलं नाही. म्हणून झालं त्याबद्दल धीर द्यायला मी तो वापरते, पुढे चालू ठेवायला नाही. नवऱ्यालाही हेच वाचायला दे, मागच्याबद्दल तो बरोबर आहे, पण "काही होत नाही" हे वाक्य पुढच्या नऊ महिन्यांना लावू नका.

सोनोग्राफीत हे कळत नाही. ११ ते १४ आठवड्यांची आणि १८-२० आठवड्यांची सोनोग्राफी वेळेवर कर, ती इतर कारणांसाठी गरजेची आहेच, पण दारूचा बारीकसा परिणाम झाला का हे कुठल्याही मशीनवर दिसत नाही. फॉलिक ॲसिड सुरू केलं नसशील तर आजच सुरू कर. आणि तुझ्या डॉक्टरांना हे सांग, लाजू नकोस. माझ्याकडे बायका हे सांगत नाहीत कारण ओपीडीत शेजारी सासूबाई बसलेल्या असतात, म्हणून मी सगळ्यांनाच पाच मिनिटं बाहेर बसायला सांगते, मग ती पाच मिनिटं दारूपासून मारहाणीपर्यंत सगळं बाहेर यायला पुरतात.

प्रश्न (रेडिंग, इंग्लंड): इथं मिडवाइफनं पहिल्याच भेटीत सांगितलं, एक थेंबही नको. पण ऑफिसमधली माझी मैत्रीण म्हणते तिला २०१० मध्ये आठवड्याला एक-दोन ग्लास चालतील असं सांगितलं होतं, तिचा मुलगा हुशार आहे. तिची आई तर म्हणते आमच्या वेळी हॉस्पिटलमध्येच दारू द्यायचे! पेपरात एकदा येतं की हलकं पिणाऱ्या आयांची मुलं जास्त हुशार, लगेच पुढच्या महिन्यात येतं की एका ग्लासनंही धोका. मी खरं कुणाचं धरू? मला पिण्याची फार हौस नाही पण हे असं उलटसुलट का हे समजून घ्यायचंय.

उत्तर: तुमची मैत्रीण खोटं बोलत नाहीये आणि तिची आईसुद्धा नाही.

आईचं आधी घेऊ. १९६०-७० च्या काळात वेळेआधी कळा सुरू झाल्या तर त्या थांबवायला सलाइनमधून अल्कोहोल देत असत. न्यूयॉर्कच्या फ्रिट्झ फुक्स या डॉक्टरांनी ही पद्धत रूढ केली. अल्कोहोल ऑक्सिटोसिन या कळा आणणाऱ्या हार्मोनला दाबतं, ऑक्सिटोसिन कमी झालं की कळा मंदावतात, असा तो विचार, आणि त्या काळच्या ज्ञानात त्याला अर्थ होता. पुढे चांगली औषधं आली आणि त्याहून मोठं म्हणजे नुकसान लक्षात आलं. फ्रान्समध्ये नांतच्या पॉल लमोआन यांनी १९६८ मध्ये दारू पिणाऱ्या आईवडलांच्या १२७ मुलांबद्दल लिहिलं होतं, फारसं कुणी वाचलं नाही. १९७३ मध्ये सिअॅटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी तीच गोष्ट पुन्हा मांडली, लहान डोळ्यांच्या फटी, पातळ वरचा ओठ, नाकाखालची पन्हाळी सपाट, वाढ खुंटलेली, मेंदू मागे राहिलेला, आणि तिला "फीटल अल्कोहोल सिंड्रोम" असं नाव दिलं, तेव्हा जग जागं झालं. मात्र ही मुलं भरपूर पिणाऱ्या आयांची होती. तिथं वाद नाहीच, वाद सगळा आहे तो थोड्याचा.

ब्रिटनचं म्हणाल तर २००८ पासूनचा सल्ला असा होता की पहिले तीन महिने टाळा, त्यानंतर घ्यायचीच असेल तर आठवड्यातून एक-दोनदा, एका वेळी एक-दोन युनिट (तिथलं एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम अल्कोहोल), त्याहून जास्त नको. २०१६ मध्ये तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तो बदलून सरळ "घेऊ नका" केला. म्हणजे मैत्रिणीला २०१० मध्ये सांगितलं ते त्या वेळच्या नियमानुसारच होतं.

आता "हुशार मुलं" या बातमीकडे येते कारण तिथंच सगळ्यांची गफलत होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या मंडळींनी ब्रिटनमधल्या हजारो मुलांचा पाठपुरावा केला, सात वर्षांपर्यंतच्या दहा हजारांवर मुलांचा, आणि हलकं पिणाऱ्या आयांची मुलं न पिणाऱ्यांच्या मुलांपेक्षा मागे दिसली नाहीत, काही चाचण्यांत किंचित पुढेच दिसली. पण ब्रिटनमध्ये गरोदरपणी आठवड्याला एखादा ग्लास घेणारी बाई कोण असते? बहुतेक वेळा शिकलेली, बऱ्या पगाराची, घरात पुस्तकं असलेली. मुलगा हुशार निघतो तो त्या घरामुळे, ग्लासमुळे नाही, आणि शिक्षण-उत्पन्नाचा हिशोब धरला की तो फरक आक्रसतो. हे त्या संशोधकांनी स्वतःच दाखवलंय, पेपरांनी मथळ्यात घेतलं नाही एवढंच.

मग घराचा परिणाम बाजूला कसा काढायचा? त्यासाठी ब्रिस्टल विद्यापीठाच्या लोकांनी २०१२ मध्ये एक युक्ती केली जी मला फार आवडते. दारू शरीरात किती वेगानं मोडते हे काही जनुकांवर ठरतं, आणि ती जनुकं काही पगार किंवा शिक्षण बघून वाटली जात नाहीत. त्यांनी चार हजारांवर मुलांची जनुकं आणि आठव्या वर्षीचा बुद्ध्यांक ताडून बघितला. दारू सावकाश मोडणारी जनुकं असलेल्या मुलांचा बुद्ध्यांक थोडा कमी निघाला, पण कुणाच्या बाबतीत? फक्त ज्यांच्या आया आठवड्याला एक ते सहा युनिट घेत होत्या त्यांच्या. न पिणाऱ्या आयांच्या मुलांत त्याच जनुकांनी काहीच फरक पडला नाही. फरक लहान होता, एखाद्या मुलाकडे बघून कळणार नाही इतका, पण तो होता, आणि घरच्या सुबत्तेनं तो समजावून सांगता येत नाही.

२०१७ मध्ये ब्रिस्टलच्याच गटानं आठवड्याला चार युनिटपर्यंत, म्हणजे ३२ ग्रॅम अल्कोहोलपर्यंत पिणाऱ्यांवरचे सापडतील ते अभ्यास एकत्र केले, जगभरातून फक्त २६ निघाले. त्यात बाळ गर्भवयाच्या मानानं लहान असण्याची शक्यता सुमारे ८ टक्क्यांनी जास्त दिसली. हे ८ टक्के ऐकून घाबरू नका, आठ बाळं जास्त असा त्याचा अर्थ नाही. व्याख्येनुसारच १०० मधली १० बाळं "लहान" धरली जातात, ती ११ च्या आत राहतात, एवढाच. बाकी बहुतेक प्रश्नांवर त्यांचं म्हणणं होतं की पुरावाच तुटपुंजा आहे.

माझं मत विचाराल तर ते इथं आहे. "नुकसान सापडलं नाही" आणि "नुकसान नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरोदर बायकांच्या दोन गटांना मुद्दाम दारू आणि पाणी देऊन प्रयोग करता येत नाही, करूही नये, त्यामुळे पक्कं उत्तर कधी मिळेल असं मला वाटत नाही. पण आत काय होतं ते मात्र पक्कं माहीत आहे, अल्कोहोल वारेतून सरळ पलीकडे जातं, तासाभरात बाळाच्या रक्तात आईइतकंच असतं, आणि बाळाच्या यकृतात ते मोडायची ताकद जवळपास नसते. थोडं गर्भजलात उतरतं, तेच बाळ पुन्हा गिळतं, म्हणून आईच्या रक्तातून गेलं तरी बाळाभोवती रेंगाळतं. इतकं माहीत असताना, समोर फायदा शून्य असताना, मी माझ्या पेशंटला "एखादा ग्लास चालेल" असं म्हणू शकत नाही. तुमच्या मिडवाइफनं बरोबर सांगितलं. पण मैत्रिणीला घाबरवू नका, तिच्या मुलाचं सगळं ठीक असणार याचीच शक्यता खूप जास्त आहे.

प्रश्न (नाशिक): सातवा महिना चालू आहे. आमच्याकडे मित्रमंडळींत वाइन असतेच, सगळे म्हणतात वाइन म्हणजे दारू नव्हे, द्राक्षांची असते, रक्त वाढतं, आता बाळाचे सगळे अवयव तयार झालेत त्यामुळे एखादा ग्लास घ्यायला हरकत नाही. आणि वाइन नको तर बिअर चालेल का?

उत्तर: जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हापासून हे "वाइन म्हणजे दारू नव्हे" फारच कानावर पडतं. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा हे मलाही वाटतं, पण बाळाच्या रक्तात पोचतं ते इथेनॉल, ते द्राक्षाचं का मळीचं का जवाचं हे त्याला कळत नाही. १५० मिलीच्या एका ग्लास वाइनमध्ये सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असतं, ३० मिली व्हिस्कीत सुमारे १०, म्हणजे तो ग्लास छोट्या पेगपेक्षा जडच. आणि बिअर म्हणाल तर आपल्याकडची ६५० मिलीची ८ टक्केवाली स्ट्राँग बाटली घ्या, त्यात ४१ ग्रॅम निघतात. वर इंग्लंडच्या पत्रात ३२ ग्रॅमचा आकडा दिलाय ना, तो आख्ख्या आठवड्याचा. म्हणजे परदेशी अभ्यासातलं "हलकं पिणं" आपल्या एका बाटलीत एका संध्याकाळी ओलांडलं जातं, हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं कारण नेटवरचा "लाइट ड्रिंकिंग" शब्द वाचून लोक आपल्या मापानं मोजतात.

रक्त वाढत नाही. उलट रेड वाइनमधले घटक चहासारखेच जेवणातलं लोह शोषायला अडथळा करतात, आणि तुला आता लोहाच्या गोळ्या चालू असतील. सातव्या महिन्यात अवयव तयार झालेले असतात हे खरं, पण मेंदू नाही, शेवटच्या तीन महिन्यांत तर तो सगळ्यात झपाट्यानं वाढतो. शिवाय या महिन्यांत जळजळ, झोपमोड आधीच असते, वाइननं दोन्ही वाढतात. मित्रांच्या घरी ग्लास हातात नसला की प्रश्न विचारतात हे मी समजू शकते, तर त्या दिवशी नवऱ्यानंही घेऊ नये, मग कोणी आग्रह करत नाही, मी बऱ्याच जोडप्यांना हे सुचवलंय आणि त्यानं काम होतं.

प्रश्न (पालघर जिल्हा): मी आशा सेविका आहे. आमच्या पाड्यावर बाया ताडी पितात, गरोदर असल्या तरी. त्या म्हणतात ती दारू नाय, थंडाव्याला असते. रागावलं तर पुढच्या खेपेला मला बघून दार लावतात. कसं सांगू?

उत्तर: ताई, रागावू नका हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळलंय. भल्या पहाटे उतरवलेला रस गोड असतो, पण तो भांड्यात पडल्यापासून आंबायला लागतो, दुपारपर्यंत चढतो, संध्याकाळची ताडी जवळपास बिअरच्या ताकदीची होते. म्हणून "पिते का" असं विचारू नका, "किती वाजताची पितेस, केवढ्या ग्लासानं, रिकाम्या पोटी का" असं विचारा, खरं उत्तर मिळेल. बऱ्याच वेळा मूळ दुखणं भूक असतं, दुपारी घरात खायला नाही म्हणून ताडीनं पोट भरतं. तुमच्या भागात गरोदर बायांना अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं एक वेळचं पूर्ण जेवण मिळायला हवं, ते तिच्यापर्यंत पोचतंय का ते आधी बघा, मग ताडीचं बोला. एकदम सोडत नसेल तर निम्मी केली तरी "बरं केलंस" म्हणा आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारा.

एक गोष्ट मात्र जपा. जी बाई रोज सकाळ-संध्याकाळ भरपूर पितेय, तिला "आजपासून बंद" असं सांगू नका. एकदम थांबवलं तर हात थरथरणं, घाम, भ्रम, फिटसुद्धा येऊ शकते, गरोदरपणात ते दोघांनाही धोक्याचं. तिला आरोग्य केंद्रात घेऊन जा, औषधाच्या आधारानं सोडवता येतं. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, नंबर लिहून ठेवा. आणि नवरा पितो का, मारतो का, हेही विचारा. एकटीला सोड म्हणून सोडवत नाही तिला, संध्याकाळी घरात सगळे पीत बसले असताना तर नाहीच.

प्रश्न (रत्नागिरी): सून बाळंत होऊन बारा दिवस झाले. आम्ही दशमूलारिष्ट देतो, रात्री गरम पाण्यातून दोन चमचे ब्रँडी. आमच्या सासूबाई थंडीत बाळालाही बोटानं चाटवायच्या, छातीला चोळायच्या. सून म्हणते हे सगळं बंद करा. तिचं बरोबर का?

उत्तर: बाळाच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर, काकू. बाळाला ब्रँडी चाटवायची नाही आणि अंगाला चोळायचीही नाही. नवजात बाळाच्या रक्तातली साखर आधीच काठावर असते, अल्कोहोलनं ती खाली जाते, श्वास मंदावू शकतो, आणि त्याची कातडी इतकी पातळ असते की चोळलेलंही आत शोषलं जातं. ऊब द्यायची तर टोपी घाला, आईच्या अंगाशी उघडं धरा, वरून पांघरूण.

सुनेच्या ब्रँडीनं तिला काही मिळत नाही. अल्कोहोल रक्तात जेवढं तेवढंच दुधात येतं, अर्ध्या ते एका तासात सगळ्यात जास्त असतं. अमेरिकेत १९९१ मध्ये आयांना एकदा नुसता संत्र्याचा रस आणि एकदा त्यात थोडं अल्कोहोल घालून दिलं, तर अल्कोहोलनंतर बाळं जास्त चोखूनही दूध कमीच प्यायली. दूध सुटायला जे ऑक्सिटोसिन लागतं ते यानं दबतं, म्हणजे दूध वाढायला बिअर-ब्रँडी द्यायची हे अगदी उलटं आहे. दूध काढून टाकल्यानं दोष जात नाही, रक्तातलं उतरेल तेव्हाच दुधातलं उतरतं, एका ड्रिंकला किमान दोन तास धरा.

दशमूलारिष्टाचं थोडं वेगळं आहे. आसव-अरिष्ट आंबवून करतात त्यामुळे त्यात आपोआप अल्कोहोल तयार होतं, बाटलीवर टक्के छापलेले असतात, वाचून बघा. ८ टक्के असेल तर २० मिलीच्या मात्रेत सव्वा ग्रॅमच्या आसपास येतं, वाइनच्या ग्लासाच्या बाराव्या हिश्शाएवढं. बाळंतपणानंतर वैद्यांनी दिलं असेल आणि मात्रा पाळली, बाळाला पाजून झाल्यावर घेतलं, तर मी सुनेशी भांडणार नाही, तुम्हीही भांडू नका, तिला नको असेल तर डिंकाचे लाडू आणि अळीव पुरेसे आहेत. पण दिवस असताना कुठलंही आसव स्वतःच्या मनानं घ्यायचं नाही, विशेषतः कुमारी आसव, त्यातली कोरफड गरोदरपणात नकोच.

प्रश्न (सांगली): बहिणीचं नवव्या आठवड्यात अबॉर्शन झालं. सहाव्या आठवड्यात तिनं एका पार्टीत बिअर घेतली होती. घरचे रोज तेच काढतात, तुझ्यामुळेच झालं. खरंच त्यामुळेच झालं असेल का?

उत्तर: पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त गर्भांत गुणसूत्रांचा दोष असतो, तो बीज फलित होतानाच ठरलेला असतो. बिअर, प्रवास, पपई, जिना, यातलं काही नसतं तरी ते टिकणार नव्हतं. जगभरच्या सव्वादोन लाखांवर गरोदरपणांचा हिशोब सांगतो की आठवड्याला दर एका ड्रिंकमागे गर्भपाताची शक्यता सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. पण हे नीट वाचा, १०० पैकी १५ जणींचं जिथं पडणार होतं तिथं १६ च्या आत. एका पार्टीवर बोट ठेवून "यामुळेच" म्हणायचा अधिकार कुठल्याही डॉक्टरला नाही, घरच्यांना तर नाहीच नाही. माझी विनंती आहे की हे पान त्यांच्यासमोर ठेवा. ती सध्या जेवते का, झोपते का, एकटी रडत बसते का, याकडे लक्ष द्या, त्यासाठी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीत बोलता येतं. पुढच्या वेळी चान्स घ्यायचं ठरेल तेव्हापासूनच दारू बंद आणि फॉलिक ॲसिड सुरू, एवढं तिला हळूच सांगा, आत्ता नको.

प्रश्न (वसई): नाताळचा प्लम केक चालेल का? आणि ०.० बिअर?

उत्तर: भाजल्यावर सगळी रम उडून जाते असं नाही, तासभर भाजलं तरी पाव हिस्सा उरतो, आणि भाजल्यानंतर वरून रम ओतलेला केक असेल तर ती तशीच असते. घरच्या नेहमीच्या केकचा एखादा तुकडा खाल्ला तर काळजी करू नका, वरून रम पाजलेला असेल तर तो सोडा. फळं संत्र्याच्या रसात भिजवूनही चांगला होतो. ०.० लिहिलेली बिअर चालेल, फक्त "नॉन अल्कोहोलिक" लिहिलेली असेल तर बाटली फिरवून बघा, काहींत अर्ध्या टक्क्यापर्यंत असतं. आणि तुला मधुमेह निघाला असेल तर दोन्हीतली साखर मोज.